दोन चमचे पेट्रोल

अंबरनाथच्या बुवापाड्यातून सकाळी आठला गाडी काढून नवी मुंबईकडे कामाला जाणाऱ्यांचा रस्ता ठरलेला असतो. गल्लीच्या तोंडाशी समोरून येणाऱ्या टेम्पोला वाट द्यायची, मुख्य रस्त्याला लागायचं, रिक्षांच्या मधून सरकत रूळ ओलांडून पूर्वेला यायचं, मग नेवाळी नाका, खोणी, काटई आणि शेवटी शिळफाटा. नवी मुंबईपर्यंतचं अंतर साधारण तीस किलोमीटर. वेळ मात्र रस्ता ठरवेल तेवढा. डावा पाय क्लचवरून खाली उतरत नाही आणि शिळफाटा येईपर्यंत गुडघा बोलायला लागतो.

आपल्याकडे गाडी बघायला आलेला माणूस तिची ताकद विचारत नाही. तो विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण महिन्याच्या पगारातला मोठा घास पेट्रोल पंपावर जातो. पण त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे: पंपावर भरलेल्या पेट्रोलपैकी किती गाडी पुढे न्यायला लागतं आणि किती गाडी थांबवण्यात जातं? हायब्रिड गाडीचं सगळं गणित या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे.

हिशोब मांडून बघू. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. तिच्या अंगात त्या क्षणी सुमारे ८६ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. समोर रिक्षा आडवी आली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती ऊर्जा कुठे गेली? ब्रेकच्या डिस्क आणि पॅड घासून तापले आणि ती उष्णता हवेत गेली. आता पुन्हा ४० गाठायचे तर तेवढीच ऊर्जा इंजिनाने नव्याने द्यायची. शहरातल्या वापरात पेट्रोलच्या उष्णतेतला चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचला असं धरलं, तर त्यासाठी दहा-अकरा मिलिलिटर पेट्रोल लागतं. औषधाच्या बाटलीबरोबर येतो त्या मापाने दोन चमचे. एका थांब्याला दोन चमचे. बुवापाडा ते शिळफाटा असे किती थांबे होतात ते एकदा मोजून बघा. तीस झाले तर पाव लिटरहून जास्त पेट्रोल नुसतं ब्रेक तापवण्यात गेलं.

शिवाय उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं ते वेगळं. एसी लावून नुसतं गुरगुरत राहिलेलं दीड लिटरचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं. मे महिन्यात एसी बंद करून काचा खाली करा असं त्या धुरात कोणी कोणाला सांगू शकत नाही.

वाया जाणारं हे पेट्रोल वाचवण्याची युक्ती अंबरनाथकराला नवी नाही. तो रोज तिच्यात बसतो, फक्त तसं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. २००७ पासून मुंबईच्या रुळांवर पांढऱ्या-जांभळ्या लोकल आल्या. त्या स्टेशनात शिरताना वेग कमी करतात तेव्हा त्यांच्या मोटरी उलट कामाला लागतात. मोटर म्हणजे वीज दिली की फिरणारं यंत्र. तिलाच बाहेरून फिरवलं की ती जनरेटर होते आणि वीज देते. गाडीचा वेग तिला फिरवतो, त्या कष्टात गाडी मंदावते आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. उल्हासनगरला थांबणाऱ्या लोकलची वीज मागे-पुढे धावणाऱ्या दुसऱ्या लोकलला मिळू शकते. रस्त्यावरच्या मोटारीच्या डोक्यावर तार नसते. म्हणून तिला ती वीज ठेवायला स्वतःची बॅटरी लागते. मोटर, बॅटरी आणि पेट्रोल इंजिन या तिघांना एकत्र नांदवणारी गाडी म्हणजे हायब्रिड.

बॅटरी किती मोठी? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या जुळ्या बहिणी २०२२ मध्ये आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलमधली लिथियम-आयन बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची आहे. महावितरणच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. टाटाची पहिली नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिच्यात ३०.२ युनिटांची बॅटरी होती, म्हणजे चाळीसपट. पाऊण युनिटात गाडी फार तर दोन-चार किलोमीटर जाईल. पण तिचं काम लांब जायचं नाहीच. मघाच्या हिशोबातल्या एका थांब्याची ऊर्जा युनिटात मांडली तर ०.०२४ भरते. ब्रेक मारताना तेवढं गोळा करायचं आणि गाडी पुन्हा हलताना लगेच खर्चायचं, एवढाच तिचा व्यवहार. घरखर्चाला हाताशी ठेवलेल्या पैशांसारखी ती आहे. भरते, रिकामी होते, पुन्हा भरते.

म्हणूनच बुवापाड्यात हायब्रिड उभी दिसली की शेजारचे जो प्रश्न हमखास विचारतात, ‘काका, ही रात्री चार्जिंगला लावता कुठे?’, त्याचं उत्तर आहे, कुठेच नाही. अशा हायब्रिडला प्लगच नसतो. ज्या चाळीला नीट पार्किंग नाही, ज्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा ठराव वर्षानुवर्षं सभेत अडकलेला असतो, जिथे गाडी रात्री घरापासून दोन गल्ल्या लांब लावावी लागते, तिथल्या माणसाला ही गोष्ट छोटी वाटणार नाही. विजेवरची गाडी चालवायला स्वस्त आहे हे मला मान्य आहे. पण ती आधी घराखाली एक हक्काची जागा मागते आणि आपल्या अर्ध्या वस्तीकडे तीच नाही.

हायब्रिड हा शब्द मात्र शोरूममध्ये फार सैल वापरला जातो. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेली आणि पुढे अर्टिगा, ब्रेझामध्ये आलेली व्यवस्था ‘माइल्ड हायब्रिड’ प्रकारची. तिच्यात अल्टरनेटरच्या जागी थोडा ताकदवान जनरेटर-स्टार्टर असतो. सिग्नलला इंजिन बंद होतं, निघताना पटकन चालू होतं, वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लागतो. चाकं मात्र शेवटपर्यंत इंजिनच फिरवतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन पूर्ण बंद असताना नुसती मोटर गाडी चालवू शकते. तिसरा प्रकार प्लग-इनचा. त्यात बॅटरी मोठी असते आणि ती भिंतीतल्या प्लगला लावून भरता येते. आपल्याकडे रोजच्या वापराच्या किमतीत तो जवळजवळ नाहीच. तेव्हा सेल्समन हायब्रिड म्हणाला की त्याला एवढंच विचारावं: इंजिन बंद ठेवून ही गाडी इथून त्या गेटपर्यंत जाईल का? जात असेल तर पुढचं बोलू. माइल्ड हायब्रिड वाईट नाही, पण तिच्याकडून स्ट्राँगची ॲव्हरेज मागणारा माणूस निराश होतो आणि मग सगळ्याच हायब्रिडना नावं ठेवतो.

आता इंजिन आणि मोटर एकाच चाकावर भांडण न करता कसं काम करतात ते बघू. मला या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. टोयोटाच्या पद्धतीत एक ग्रहमालेसारखी दातेरी चाकांची जुळणी असते. मधोमध एक लहान दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार चाकं, ते ग्रह. आणि सगळ्यांना वेढणारं, आतल्या अंगाला दाते असलेलं कडं. इंजिन ग्रहांच्या चौकटीला जोडलेलं. एक मोटर सूर्याला. दुसरी, मोठी मोटर आणि गाडीची चाकं बाहेरच्या कड्याला. या तिघांपैकी कोणत्याही दोघांचा वेग ठरला की तिसऱ्याचा आपोआप ठरतो. त्यामुळे चाकं हळू फिरत असताना इंजिन वेगात ठेवता येतं, चाकं फिरत असताना इंजिन थांबवता येतं, किंवा गाडी उभी असताना इंजिन फिरवून बॅटरी भरता येते. सूर्याला जोडलेल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की काम झालं. गिअर बदलणं नाही, क्लच प्लेट नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटर हे दोन वेगळे भागही नाहीत, कारण त्यांची कामं याच मोटरी करतात. एवढ्या गुंतागुंतीच्या गाडीत झिजणारे काही जुने भाग कमीच झाले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच आश्चर्य वाटलं होतं.

होंडाने वेगळी वाट धरली. २०२२ च्या सिटी हायब्रिडमध्ये शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर फिरवते. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनही डिझेलवर जनरेटर फिरवून मोटरी चालवतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना होंडाची ही कल्पना लगेच उमजेल.

दोन्ही कंपन्यांचं पेट्रोल इंजिनही नेहमीचं नसतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते चालतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण जितकं दाबतो तितकंच जळालेल्या वायूला पसरायला देतो. ॲटकिन्सन पद्धतीत दाबणं थोडं कमी आणि पसरणं जास्त, म्हणजे जळालेल्या वायूकडून शेवटचा धक्काही काढून घ्यायचा. आजच्या गाड्यांत हे सेवन झडप उशिरा बंद करून साधतात. या इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. पण अशा इंजिनाला खालच्या वेगात दम कमी असतो. एकट्याने चढ चढताना ते कुरकुरेल. तिथे मोटर मदतीला येते, कारण मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. एकाचा कमकुवत भाग नेमका दुसऱ्याचा बळकट भाग आहे. हायरायडरच्या इंजिनाचा जोर १२२ न्यूटन-मीटर आणि मोटरचा १४१, म्हणजे सुरुवातीच्या ओढीत मोटर थोरली.

ही कल्पना तशी जुनी. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून चाकांतल्या मोटरी फिरवणारी गाडी बनवली होती. पण ती सामान्य माणसाच्या दारात यायला डिसेंबर १९९७ उजाडावा लागला. त्या महिन्यात जपानमध्ये टोयोटाची प्रियस विकायला आली. त्याच वर्षी टोयोटाने भारतात पाय ठेवला आणि सोबती निवडला तो किर्लोस्कर घराण्यातला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घराघरात पोहोचवला. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीचे उपाध्यक्ष होते. बंगळुरूजवळ बिडदीला तिचा कारखाना आहे. हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा दोन्ही तिथेच बनल्या. २५ नोव्हेंबर २०२२ ला इनोव्हा हायक्रॉस या हायब्रिडचं मुंबईत अनावरण झालं तेव्हा विक्रम किर्लोस्कर हजर होते. चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. नांगरापासून सुरू झालेला हा धागा हायब्रिडपर्यंत आला, याचं मराठी वाचकाला अप्रूप वाटावं.

भारतात हायब्रिड आणायचे याआधीचे प्रयत्न किमतीपाशी अडले. २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड आयात करून आणली, पण तिची किंमत वीस लाखांच्या वर. ती कोण घेणार? पुण्यात २०१० मध्ये केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं होतं. असलेल्याच गाडीला मोटर आणि बॅटरी बसवून तिला हायब्रिड करायचं, अशी ती योजना. सामान्य ग्राहकापर्यंत ते किट पोहोचलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. जुनी गाडी न फेकता तिची ॲव्हरेज वाढवण्याची कल्पना आपल्या स्वभावाला किती जवळची होती! नंतर वारं बदललं: जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी करार केला. छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या, असं त्या वेळी जाहीर झालं.

आता पैशांचं बोलू, कारण गाडी शेवटी हप्त्यांवर येते. कंपनी ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते. हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. तिच्यात गाडी रोलरवर ठरलेल्या तालाने ११८० सेकंद चालवतात. शहरी भागाचा १९५ सेकंदांचा एक ठरावीक पाठ चार वेळा, मग मोकळ्या रस्त्याचा ४०० सेकंदांचा एक. त्या शहरी पाठात सरासरी वेग ताशी १९ किलोमीटरच्या आत असतो आणि जवळजवळ एक-तृतीयांश वेळ गाडी उभी असते. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत ही चाचणी आपल्या रस्त्याच्या बरीच जवळ आहे. तरी तिथे खड्डे नाहीत, मे महिना नाही, गाडीत पाच माणसं नाहीत. म्हणून मी हिशोबाला हायब्रिडचे २१ आणि त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचे १३ धरतो. २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात पेट्रोल लिटरला १०३-१०४ रुपये होतं.

महिन्याला १५०० किलोमीटर चालवणारा, म्हणजे रोज नवी मुंबई गाठणारा माणूस घ्या. वर्षाला १८ हजार किलोमीटर. साध्या गाडीला सुमारे १३८५ लिटर, हायब्रिडला ८५७. वाचलं ५२८ लिटर, म्हणजे ५५ हजार रुपये. दोन मॉडेलमधला ऑन-रोड फरक अडीच लाख धरला तर तो साडेचार वर्षांत वसूल. पुढची वर्षं फायद्याची. आता दुसरा माणूस घ्या. तो रोज स्टेशनला चालत जाऊन लोकल पकडतो. गाडी रविवारी, लग्नाला आणि गणपतीला गावी न्यायला. महिन्याला ७०० किलोमीटर. त्याची वर्षाची बचत २५-२६ हजार. अडीच लाख भरून यायला दहा वर्षं. त्या माणसाने हायब्रिडच्या नादी लागू नये, असं मी स्पष्ट सांगेन. साडेसातची लोकल पकडणारा माणूस पर्यावरणाची आणि खिशाची त्याहून मोठी बचत आधीच करतो आहे.

आणि सीएनजी? तीही खरेपणाने मोजली पाहिजे, कारण आपल्या भागातल्या एमएच-०५ पासिंगच्या गाड्यांत सीएनजीच्या हिरव्या स्टिकरला तोटा नाही. किलोला २१ किलोमीटर आणि ८० रुपये भाव धरला तर किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास. हायब्रिड पाच रुपयांत जाते, साधी पेट्रोल आठ रुपयांत. इंधनाच्या खर्चात सीएनजी आजही पुढे आहे. मात्र सिलिंडर डिकी खातो आणि पंपावरच्या रांगेत वेळ जातो. ज्याची गाडीच धंदा आहे तो सीएनजी घेईल आणि त्याचं बरोबर आहे. ज्याला सकाळच्या रांगेचा अर्धा तास परवडत नाही आणि डिकीत सामान भरून गावी जायचं असतं, त्याला ते सव्वा रुपये जड जाऊ नयेत.

हायब्रिडची किंमत एवढी का, याचा एक भाग कराचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत या मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के पडत, विजेवरच्या गाडीवर ५. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के झाले. १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल इंजिनाच्या आणि चार मीटरच्या आतल्या लांबीच्या गाड्यांवर, हायब्रिड असल्या तरी, १८. आणि तिथेच आपली गैरसोय आहे. बाजारातल्या स्ट्राँग हायब्रिड सगळ्या चार मीटरच्या वर आणि दीड लिटर किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या. बुवापाड्याच्या गल्लीत सव्वाचार मीटरहून लांब गाडी वळवताना मागे कोणीतरी उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणावं लागतं. जपानमध्ये टोयोटाची अ‍ॅक्वा २०११ मध्ये आली ती चार मीटरला पाच मिलिमीटर कमी होती. अशी लहान हायब्रिड इथे आली तर आपल्या भागात तिला गिऱ्हाइकं शोधावी लागणार नाहीत. आपल्या रस्त्याला मोठं बॉनेट नकोच आहे.

पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याचंही दोन शब्दांत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून कोणत्याही पेट्रोल गाडीची ॲव्हरेज थोडी उतरते. हायब्रिडही त्याला अपवाद नाही. मिश्रण त्याहून वाढवायचं तर हायब्रिड कामी येईल, असाही विचार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरींनी जी फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे जास्त इथेनॉलवरही चालणारी इनोव्हा दाखवली ती हायब्रिडच होती.

हायब्रिड चालवायची हातोटी वेगळी असते. पुढे गर्दी दिसली की लांबूनच हलका पाय ठेवा. हळूहळू मंदावणारी गाडी बहुतेक ऊर्जा मोटरीतून गोळा करते. कचकन दाबलेला ब्रेक जास्तीची ऊर्जा पुन्हा पॅडवरच उधळतो. म्हणूनच सावकाश चालवणाऱ्यांच्या हायब्रिडचे ब्रेक पॅड खूप वर्षं टिकतात. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थंड हवा मिळते. बॅटरी उतरली की इंजिन आपण होऊन चालू होतं, गाडी उभी असली तरी. पहिल्या आठवड्यात त्याने दचकायला होतं, मग सवय होते. आणि गल्लीत गाडी मोटरवर सरकत असेल तेव्हा तिला आवाज जवळजवळ नसतो. बुवापाड्यासारख्या वस्तीत पोरं रस्त्यातच क्रिकेट खेळतात, म्हाताऱ्या दारात बसून तांदूळ निवडतात. म्हणून अशा गाड्यांना कमी वेगात हलका आवाज सोडणारी सोय देतात, पण त्यावर विसंबू नका. हॉर्नचा एक टिचका आणि पाय ब्रेकवर.

घाटात एक गोष्ट लक्षात ठेवायची. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. दीड हजार किलोच्या गाडीची ती ऊर्जा दोन युनिटांची होते आणि बॅटरी आहे पाऊण युनिटाची. थोडी ऊर्जा हवा आणि टायर खातात, तरी निम्म्या घाटातच बॅटरी भरून जाते. भरलेल्या बॅटरीत वीज घालता येत नाही, मग बराच भार घासणाऱ्या ब्रेकवर येतो. म्हणून टोयोटाच्या हायब्रिडच्या गिअर लिव्हरवर ‘बी’ अशी जागा असते. उतारावर तिथे लिव्हर आणलं की इंजिन पेट्रोल न जाळता फिरतं आणि गाडीला मागे धरतं, जसं आपण पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरायचो.

पावसाळ्याची भीती बहुतेकांच्या मनात असते. वालधुनीकाठच्या लोकांनी २६ जुलै २००५ चा महापूर पाहिलेला आहे. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवून आणावं लागलं, तेही ताजं आहे. हायब्रिडच्या जास्त दाबाच्या वायरी नारिंगी रंगाच्या आणि पूर्ण बंदिस्त असतात. बिघाड जाणवला तर यंत्रणा बॅटरीची जोडणी स्वतः तोडते. साचलेल्या पाण्यातून जाताना करंट लागेल ही धास्ती नको. धोका वेगळाच आहे आणि तो साध्या पेट्रोल गाडीलाही तेवढाच: हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बुडली असेल तर चालू करून बघायचा मोह टाळावा, टो करून थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी आणि विमा घेतानाच इंजिन संरक्षणाची पुरवणी घ्यावी.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याशी असलेलं नातं या गाडीमुळे तुटत नाही. ऑइल, फिल्टर, सस्पेंशन, टायर ही कामं तो करूच शकतो. नारिंगी वायरींना मात्र त्याने हात लावू नये. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळे हातमोजे लागतात. टोयोटा आणि होंडा हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. बॅटरी थंड ठेवायला हवा ओढणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या ठेवू नका, तिथली धूळ काढत राहा. आपल्या रस्त्यांवर धुळीला कमी नाही. आणखी एक: गाडी चालू करणारे संगणक नेहमीच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर जागे होतात. महिनाभर गावी जाऊन आल्यावर गाडी मेल्यासारखी वाटली तर दोष बहुधा त्या छोट्या बॅटरीचा असतो, मोठीचा नाही.

घ्यायचं मनात असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सकाळी साडेआठला, नेवाळी नाक्याच्या दिशेने, एसी लावून, घरातली चार माणसं बसवून घ्या. निघताना ट्रिप मीटर शून्य करा. परत आल्यावर लिटरला किती किलोमीटर गेली ते पडद्यावर दिसेल. नुसत्या मोटरवर किती वेळ चालली तेही ती गाडी दाखवत असेल, तर तो आकडाही टिपून घ्या. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने तुमची आत्ताची गाडी न्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून हप्ता मोजायला बसा.